२००९ चा डबा, विंडोज ७ आणि ‘ताई, फाइल उघडली का?’

नारायणपेठी_डीटीपी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन वाचायला बसा.

मी नारायण पेठेत घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, क्लासच्या प्रश्नपत्रिका, आणि आषाढ संपत आला की गणेश मंडळांचे अहवाल. मशीन २००९ सालचं आहे. कोअर टू ड्युओ ई ७५००, जी ३१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ७, ३२ बिट. त्यावर पेजमेकर ७, कोरल एक्स ३ आणि मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरचं लॉक (चोरून कॉपी होऊ नये म्हणून सोबत येते ती छोटी डबी) मागच्या गुलाबी, २५ भोकांच्या प्रिंटर पोर्टला खोचलेलं असतं. ते हललं की मराठी बंद. घरातली लहान मुलंसुद्धा त्या टेबलामागे जात नाहीत, इतकी दहशत आहे.

आजवर काही अडलं नाही. यंदा अडलं. एका मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा डिझाइनचा कोर्स करतोय. त्याने अहवालाचं कव्हर नवीन इलस्ट्रेटरमध्ये केलं आणि पाठवून दिलं. ‘ताई, फक्त वर्गणीदारांची नावं टाका.’ ती फाइल माझ्याकडे उघडेना. मग त्याने कोरलची फाइल पाठवली, तीही नव्या आवृत्तीतली, तीही उघडेना. रोज सकाळी मेसेज यायचा, ‘ताई, फाइल उघडली का?’ नावांची यादी व्हॉट्सअॅपवर आली, १४० नावं. ती कॉपी करून कोरलमध्ये टाकली तर ‘शिंदे’ची वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन ठिपक्यांच्या गोलावर बसली. जोडाक्षरांचे पाय मोडले. शेवटी १४० नावं हाताने टाइप केली. त्यात एका देणगीदारांच्या पाच हजार एकचे पाचशे एक झाले. त्यावर पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

आता खरी जखम. उन्हाळ्यात पेठेतल्याच एका दुकानदाराने ‘ताई, ६४ बिट विंडोज १० टाकतो, सगळं चालेल’ म्हणून दोन हजार घेतले. मशीन घरी आलं. कोरल उघडलं, पण लॉक दिसेना आणि जुना ए३ लेझर प्रिंटरही दिसेना. पत्रिकेचं काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. रात्री अकराला मैत्रिणीच्या मशीनवर बसून ते उरकलं. दुकानदाराने परत विंडोज ७ टाकून दिलं, पण सी ड्राइव्हवरचे फॉन्ट गेले. डी ड्राइव्हला हात लावला नाही, एवढीच देवाची कृपा.

तर प्रश्न असा: रॅम किंवा एसएसडी टाकून याच मशीनवर नवीन फोटोशॉप, इलस्ट्रेटर चालेल का? आणि नवीन मशीन घ्यायचंच झालं तर १५ वर्षांच्या पेजमेकर आणि कोरलच्या फाइलींचं काय? बजेट २५ हजारांपर्यंत. नवरा म्हणतो लॅपटॉप घे. सासूबाई म्हणतात, चालतंय ना, मग कशाला.

पेंग्विन_कोथरूड

ताई, लिनक्स मिंट टाका. फोटोसाठी जिंप, चित्रांसाठी इंकस्केप, पानं जुळवायला स्क्राइबस, सगळं फुकट. इंकस्केपमध्ये कोरलच्या बऱ्याच फाइली उघडतात, अगदी जशाच्या तशा नाही, पण उघडतात. युनिकोड मराठीही छान दिसतं. जुन्या मशीनला विंडोजपेक्षा हलकं पडेल. कोरल लागलंच तर वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) चालवून बघा.

नारायणपेठी_डीटीपी

धन्यवाद. वाइनला माझं लॉक दिसेल का?

पेंग्विन_कोथरूड

…नाही बहुतेक. ते वाक्य मी वाचलंच नव्हतं.

जुना_जुळारी

ताई, मी शुक्रवार पेठेत एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, आणि आता सीटीपीवाल्याकडे (संगणकावरून थेट छपाईची प्लेट काढणाऱ्याकडे) पीडीएफ पाठवतो. मधल्या काळात तुमचं हे मशीन माझ्याकडेही होतं, अगदी जी ३१ सकट. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. रॅम वाढवा, एसएसडी लावा, शनिवारी मारुतीला तेल घाला, तरी नाही. कारण वेगाचं नाहीच. प्रोसेसरला काही ठरावीक आज्ञा समजाव्या लागतात. नवीन फोटोशॉपला किमान एसएसई ४.२ नावाचा संच लागतो. तुमचा ई ७५०० त्यातला ४.१ पर्यंत शिकलेला. ४.२ इंटेलने २००८ च्या अखेरीस पहिल्या आय ७ बरोबर आणला. म्हणजे तुमचं मशीन २००९ चं असलं तरी आतला मेंदू आधीच्या पिढीचा आहे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्तीसुद्धा याच कारणाने त्यावर चालूच होत नाही. शिवाय फोटोशॉप आता फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि किमान ८ जीबी रॅम मागतं. तुमचा बोर्ड ४ च्या वर घेत नाही, आणि त्या चारातली ३२ बिट विंडोज सव्वातीनच्या आसपासच वापरते. ४ जीबीची एखादी पट्टी कुणी गळ्यात मारायला लागलं तर हात जोडून बाहेर पडा.

दुकानदाराचं काय चुकलं तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी त्याला विचारता येईल. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, म्हणून तुमचं कोरल उघडलं. ड्रायव्हर मात्र ६४ बिटचाच लागतो. लॉकला ड्रायव्हर असतो, प्रिंटरलाही असतो. त्या काळच्या कित्येक वस्तूंचे ६४ बिट ड्रायव्हर निघालेच नाहीत. गड्याने कोरल उघडून बघितलं आणि ‘चालतंय’ म्हणून बिल फाडलं. मराठीत एक ओळ टाइप करून बघितली असती तर तिथेच कळलं असतं.

आता उपाय. जुन्या मशीनला पेन्शन द्या, पण घराबाहेर काढू नका. त्याच्यावर आहे तेच राहू द्या. एकच खर्च करा: त्याची हार्ड डिस्क १५ वर्षांची असेल तर ती कधीही जाईल, तेव्हा २४० जीबीची साधी साटा एसएसडी घ्या आणि क्लोनझिलाने आहे तशी नक्कल उतरवा. क्लोन करताना कुठली डिस्क कुठून आणि कुठली कुठे, हे तीनदा वाचा. माझ्या ओळखीच्या एकाने कोरी डिस्क भरलेलीवर उतरवली होती. तुमच्या बोर्डावर एसएसडी पूर्ण वेगाने पळणार नाही, पोर्ट जुन्या पिढीचं आहे. तरी पेजमेकर उघडेपर्यंत चहा होतो तो होणार नाही. आणि त्या मशीनचं इंटरनेट काढून टाका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आहे.

दुसरं मशीन वापरलेलंच घ्या. कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे डबे बदलतात, ते बाजारात येतात. पण हट्टाने आठव्या पिढीचा आय ५ किंवा त्यापुढचाच मागा. चौथ्या-सहाव्या पिढीचा स्वस्तात देतील, वर ‘विंडोज १० टाकून देतो’ म्हणतील. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप) लागतं. तुम्ही परत त्याच वळणावर याल. १६ जीबी रॅम घ्या. लॅपटॉप नको. अहवालाची १२० पानं १५ इंची पडद्यावर तपासून बघा म्हणावं यजमानांना.

आता फॉन्ट. खरी डोकेदुखी इथेच आहे.

तुमच्या जुन्या फाइलींतली अक्षरं ही खरं म्हणजे मराठी नाहीतच. श्रीलिपी घ्या, सीडॅकचे सुरेख-योगेश घ्या (दोन्ही आपल्या पुण्यातच जन्मले), त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असत. फॉन्ट काढला की खाली इंग्रजी चिन्हांची खिचडी उरते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, पण मग जोडाक्षर जुळवणं हे सॉफ्टवेअरचं काम होतं. कोरलला ते नीट यायला लागलं एक्स ६ पासून, म्हणजे २०१२ ला. तुमचं एक्स ३ हे २००६ चं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पेजमेकर ७ तर २००१ चं, त्याला युनिकोड म्हणजे काय हेच माहीत नाही. व्हॉट्सअॅपवरचं मराठी युनिकोड असतं, म्हणून तुमचे शिंदे मोडले.

जुन्यावरून नव्यात नेताना कन्व्हर्टर वापराल, तेव्हा दोन गोष्टींवर डोळा ठेवा: पहिली वेलांटी आणि रफार. आम्ही खिळ्यांत जसं दिसतं तसं जुळवायचो. आधी वेलांटी, मग अक्षर. रफार सगळ्यात शेवटी डोक्यावर. जुने फॉन्टही तसेच चालतात. युनिकोडमध्ये उलट आहे. वेलांटी अक्षरानंतर, आणि रफाराचा ‘र्’ अक्षराच्या आधी. म्हणजे कन्व्हर्टरला दोन्ही उचलून जागेवर ठेवावी लागतात. साधा कन्व्हर्टर रफार आहे तिथेच सोडतो. माझ्याकडे एका पत्रिकेत चि. सौ. कां. वर्षाची ‘वषार्’ झाली होती. कारण जुन्या फाइलीत काना आधी आणि रफार नंतर होता. प्रूफ मुलीच्या वडिलांनी बघितलं, मामांनी बघितलं, सगळ्यांनी तारीख आणि मुहूर्त तपासला. नवरीचं नाव कोण वाचतो? कळलं तेव्हा ५०० छापून झाल्या होत्या. तेव्हापासून कन्व्हर्ट झालं की मी आधी ‘ार्’ शोधायला लावतो. ‘कारखाना’तला ‘ार’ वेगळा, पाय मोडलेला ‘ार्’ वेगळा. ‘मार्ग’, ‘कार्य’ असे खरे शब्दही सापडतात, त्यामुळे सगळे एकदम बदलायच्या फंदात पडू नका. एकेक बघा.

आणि १५ वर्षांचं सगळं बदलत बसू नका. लग्न झालेल्या माणसाची पत्रिका परत कोण मागतो? पावतीपुस्तकं, लेटरहेड, दरवर्षी येणारे अहवाल एवढेच काढा. पुन्हा नुसतं छापायचं असेल तर जुन्या मशीनवरच कंट्रोल क्यू मारून अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसत्या आकृत्या) करा आणि पीडीएफ काढा. कर्व्ह केलेली वेगळी प्रत ठेवा, मूळ फाइलवर सेव्ह केलंत तर अक्षर परत कधी बदलता येणार नाही. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइन सीएस ६ पर्यंत उघडायचं, पुढे ते बंद झालं. कुणाकडे जुनं अधिकृत सीएस ६ असेल तर एक दुपार मागून घ्या.

रंगीत_गोंधळ

काकांनी सगळं सांगितलंय, मी त्या मुलाच्या बाजूने दोन ओळी लिहिते, कारण मी तशीच मुलगी आहे.

तो फाइल पाठवतो तेव्हा त्याला दोष देऊ नका, त्याच्याकडून नीट मागा. इलस्ट्रेटरमध्ये टेक्स्ट आउटलाइन करून पीडीएफ काढायला सांगा. कोरल असेल तर ‘सेव्ह अॅज’मध्ये खाली आवृत्ती निवडता येते, तिथे जुनी निवडायला सांगा. नवीन इफेक्ट वापरले असतील तर थोडं बिघडेल. तरी ‘उघडतच नाही’पेक्षा बरं.

एखादी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) नुसती बघायची असेल तर फोटोपी ब्राउझरमध्ये उघडते, इन्स्टॉल काही लागत नाही. फक्त विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, त्यापुढचं येणार नाही. काका नेट काढा म्हणतात तेच खरं, हे नवीन मशीनवर करा.

आणि कॅनव्हा. मंडळाची पोरं त्यात करतात, दिसतं भन्नाट. पण फुकटातली पीडीएफ आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) येते, सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) पैसे भरल्यावर. मोबाइलवर जो भगवा पेटल्यासारखा दिसतो तो छापून आला की मातकट विटकरी. मी स्वतः एका मंडळाला २००० पत्रकं तशी दिली आहेत आणि वर्षभर त्या चौकातून गेले नाही. पिवळा १००, किरमिजी ६०, निळा-काळा शून्य, असा आकडा टाकून भगवा बनवा आणि पडद्याकडे बघूच नका, छापलेल्या नमुन्याकडे बघा.

युनिकोड फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ बघून घ्या. हिंदी वळणाचा ‘श’ पत्रिकेत ‘शुभविवाह’ला आला की आजोबा लोक लगेच पकडतात. टिरो देवनागरी मराठी हा फुकट आहे आणि वळण आपलं आहे. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटली तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करायचा असतो. हे मला दोन वर्षांनी कळलं.

पेंग्विन_कोथरूड

प्रायश्चित्त म्हणून एक कामाचं: दोन्ही मशीन राउटरशिवाय एका लॅनच्या वायरने थेट जोडा आणि हाताने आयपी द्या. विंडोज ७ आणि ११ एकमेकांचे फोल्डर बघू शकतात. एक्सपी असतं तर अडलं असतं, त्याला फक्त जुनी पद्धत येते आणि ती नव्या विंडोजमध्ये मुळात बंद असते. पण जुन्या मशीनवर पासवर्ड असलेलं खातं करा, बिनपासवर्डचं ११ आत घेत नाही. मग पेन ड्राइव्हची ये-जा बंद.

नारायणपेठी_डीटीपी

तीन आठवड्यांनी लिहितेय, अहवाल डोक्यावर होते.

आठव्या पिढीचा आय ५ घेतला, वापरलेला, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, १९ हजारांत. पहिल्या दुकानात सहाव्या पिढीचा दाखवून ‘ताई, काही फरक नसतो’ म्हणाले. मी टीपीएम २.० विचारल्यावर त्यांनी मुलाला चहा आणायला पाठवलं. दुसऱ्या दुकानात मिळाला. निघताना मराठीत एक ओळ टाइप करून बघितली, काकांची आठवण ठेवून.

लॅनची वायर जोडली, चालतेय. अडीच तास लागले, त्यातले दोन तास पासवर्डमध्ये कॅप्स लॉक चालू होतं. नवीन मशीनवर सध्या स्क्राइबस आणि इंकस्केप ठेवलंय, फोटोशॉपचं मासिक भाडं दिवाळीनंतर बघू. स्क्राइबसमध्ये युनिकोड मराठी नीट जुळतं, सीएमवायके पीडीएफ निघते. पेजमेकरची सवय असल्याने हात सारखा चुकीच्या मेनूवर जातो. १४० नावं व्हॉट्सअॅपवरून थेट चिकटवली. शिंदे जागेवर. पाच हजार एकही जागेवर.

कन्व्हर्ट केलेल्या जुन्या अहवालात ‘ार्’ शोधलं तर ४७ ठिकाणी सापडलं, त्यातले खरे शब्द ९, बाकी चुका. कार्याध्यक्षांचे ‘कायार्ध्यक्ष’ झाले होते. काका, तुमच्यामुळे वाचले.

पण आता नवीन विघ्न. एसएसडी लावताना जुनं मशीन दोन दिवस प्लगमधून काढून ठेवलं होतं. तेव्हापासून ते दर वेळी चालू केलं की १ जानेवारी दाखवतं, आणि काल सकाळपासून लॉक सापडत नाही म्हणतंय. लॉक हललेलं नाही, मी चारदा बघितलं. एसएसडीमुळे झालं का? श्रावण चालू आहे हो.

जुना_जुळारी

एसएसडीचा संबंध नाही. बोर्डावरचा बटण-सेल संपला आहे. वीज होती तोवर चालत होतं. तो गेला की बायोसमधली (बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधली) सेटिंग मूळ जागी जातात, त्यात प्रिंटर पोर्टची पद्धतही बदलते. काही लॉकना ठरावीक पद्धतच चालते. सीआर २०३२ लिहिलेला सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, मगच सेल काढा, लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. मग चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, तारीख लावा आणि पॅरलल पोर्ट मोड शोधा. आधी काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे एकेक करून बघा, दर वेळी सेव्ह करून मराठी उघडा. पोर्टचा पत्ता ३७८ असतो, तो बदलू नका.

नारायणपेठी_डीटीपी

ईपीपीवर सापडलं! सेल ४० रुपयांचा. फोटो काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

सासूबाई विचारताहेत की चालत होतं ते उघडलंच कशाला.